तिवशाच्या वावरात मी एकटी

अमरावती

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? थंडीत तेल लावता ना? (लावत नसणार.) इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

तुम्ही तिवशाच्या वावरातल्या खोलीची किल्ली दिलीत, त्याबद्दल आभार मानावेत म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण आभार मानण्यासारखं तिथे काही घडलंच नाही. माझ्या कादंबरीतली प्रणाली मेळघाटात वाट चुकते आणि जंगलात एकटी तग धरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. म्हणे, बाई, ही पोरगी जंगलात आहे की लग्नघरात? तिला एकटेपणा कुठे जाणवतच नाही. महिनाअखेरपर्यंत ते प्रकरण नव्याने लिहून द्या, नाहीतर राम राम. इतक्या वर्षांची मेहनत, दादा! म्हणून ठरवलं, आठवडाभर माणसाचं तोंड बघायचं नाही आणि मगच लिहायचं.

प्रणाली निखाऱ्यावर कंद भाजून खाते, म्हणून पहिल्याच सकाळी मी आंब्याखाली गोवऱ्या पेटवल्या आणि रताळी भाजायला ठेवली. हिवाळ्यात झाडाखालून गोवऱ्यांचा धूर निघाला, की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो, गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची पंगत, हे मी (शहरात राहून राहून) साफ विसरले. रताळी गरम व्हायच्या आत तुमची बाग राखणारी तानुबाई परात घेऊन हजर. "काहून जी बाई, रोडगे लावून राहिल्या अन् आमाले सांगतलंबी नाही?" मी म्हटलं, रोडगे नाहीत, मला एकांत हवा आहे. तिला वाटलं, नवस आहे. "मंग त गावाले सांगाच लागते!" शेजारच्या वावरातला नागसेन टोपलीभर वांगी घेऊन आला, गावातल्या जयवंताबाईने कणीक आणली आणि मला मळता येत नाही हे चारचौघांत सांगितलं. दुपारी पंगत बसली. वाढणारी कोण? मी! आणि येईल तो विचारणार, नवस कोणत्या देवाचा? संध्याकाळी एकटी बाई वावरात ठेवायची नाही म्हणून तानुबाई वाकळ घेऊन माझ्याच खोलीत आली. सकाळची पहिली एस.टी. धरून मी परत आले. वहीत उतरलं ते एवढंच, की भाजी झणझणीत होती.

पण निघताना तानुबाई काय म्हणाली, ऐका. "तुमच्या भाऊचा अकोल्याहून रोज फोन येते. परवा इचारलं विहिरीले पाणी किती, कालबी तेच. एका राती पाणी कुठी जाईन जी?" मला खूप राग आला, दादा. माझ्यापाशी मात्र तुमचं एकच: मजेत आहे, सोसायटीत माणसंच माणसं आहेत.

तुमची धाकटी बहीण,
संध्या

ता. क. त्या प्रकरणासाठी खरी मदत तुमचीच हवी. वहिनी गेल्या, विपुलही नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून त्या फ्लॅटमध्ये तुमचा दिवस कसा जातो, खरं खरं लिहून पाठवा. प्रणालीच्या तोंडी तसंच घालते.

आणखी ता. क. काही लिहू नका. ते प्रकरण गेलं खड्ड्यात. रविवारी कपडे घेऊन बडनेऱ्याला उतरा, मी स्टेशनवर येते. नाही आलात, तर तुमचा अकोल्याचा पत्ता तानुबाईला देईन. आणि ती एकटी येणार नाही.