बाबांच्या मशीनमधली वेळ

आई,

बाबांचं साखर मोजायचं मशीन मी नेते आहे, शोधू नकोस. दहाच्या एसटीने महाडला, त्या डॉक्टरांकडे चालले आहे.

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "शेवटचे धड कधी होते?" मी म्हटलं, रात्री दहाला, झोपताना. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. ते माणूस शेवटचा धड असल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात.

काल सहज मशीनची बटणं दाबत होते, तर त्याच सकाळची नोंद निघाली. सहा बावन्न, साखर एकशे चौसष्ट. म्हणजे आपण उठायच्या आत त्यांनी स्वतःच बोट टोचून घेतलं होतं, तेव्हा ते धड होते. साडेनऊला तर आपण दवाखान्यात होतो. मशीनचं घड्याळही बरोबर आहे, मी ताडून पाहिलं.

मग मधुमेह असताना ते इंजेक्शन चाललं असतं का, एवढंच विचारायचं आहे. उत्तर काहीही आलं तरी तुला सांगेन.

त्या सकाळी साखर उतरली समजून तू त्यांना साखरपाणी पाजलंस, त्यात अर्धा तास गेला. पण वेळ चुकीची सांगितली ती मी. बाबा गेल्यापासून तू बिनसाखरेचा चहा पितेस. आज साखर घाल.

वैदेही