हिरड्या आणि हवेची टाकी

काका, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी लिहितोय ते दातांबद्दल. हसाल तुम्ही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा. मी बाजारातलं सगळ्यात झोंबणारं औषध आणून दिवसातून पाच वेळा चुळा भरत होतो. रक्त थांबलं नाहीच, वर जेवणाची चव गेली. पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन दाढा हलताहेत, हिरडी कापावी लागेल, पण आधी तीन महिने नीट प्रयत्न करून बघू. मग त्यांनी समजावलं. तोंडात जंतू असायचेच, बरेचसे कामाचे. दातांवर थर साचला की हिरडीखालच्या खाचेत हवा पोचत नाही आणि बिनहवेचे, घाण वासाचे जंतू माजतात. सरसकट मारत सुटायचं नाही, त्यांचा थर मोडत राहायचं. मी खुर्चीत आ वासून ऐकतोय आणि डोळ्यांपुढे आपली तारापूरची सांडपाण्याची टाकी.

मी प्लांटवर तुमच्या हाताखाली नवा होतो. हवा सोडणारा ब्लोअर बंद पडून टाकी कुजली, तेव्हा मी हुशारी करून पोतंभर ब्लीचिंग पावडर ओतली. वास गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही बरणीत पाणी घेऊन उजेडात धरलंत. "वास मारलास, ठीक हाय. पन जंतूबी मारलेस, पानी साफ करनारे तेच होते. आता काय तू उतरनार हाय टाकीत?" मग बोईसरच्या दुसऱ्या प्लांटमधून जंतूंनी भरलेल्या जिवंत गाळाचे ड्रम आणून, हवा आणि खाणं देत, महिन्याभरात टाकी पुन्हा चालती केलीत.

बाईंनी खोलवर सफाई केली. मी रोज दातांच्या फटींत बारीक ब्रश फिरवतो, कंटाळवाणं काम आहे. काल तपासणी झाली. खाचा उथळ झाल्यात, रक्त नाही, एक दाढ किंचित हलते, पण कापायची गरज सध्या नाही. बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि रडू आलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. डबा खाताना मी तुमच्यापासून लांब बसायला लागलो होतो. तुम्हाला वाटलं, समुद्रापासून लांबच्या मासवणच्या या पोराला सुक्या बोंबलांचा वास सोसत नाही. तुम्ही पालघरजवळच्या माहीमहून बोंबील आणणं बंद केलंत आणि म्हणालात, "आता बस जवल." मी तरी बसलो नाही. पुढे तुमचे दात एकेक करून गेले, तुम्ही भात कालवून गिळायला लागलात, आणि तुमच्या तोंडाच्या वासाबद्दल मी एका शब्दाने बोललो नाही. बोंबील मला आवडायचे, काका.