दोरावर दोघी

पोप्राद, १४ नोव्हेंबर

ब्लाझेय दादा,

चुका असतील तर समजून घे, शाळा सोडल्यावर मी काही लिहिलेलंच नाही. आणि टायपिंग मुंगीच्या चालीनं चाललंय, म्हणून उशीर. कसा आहेस? तुरुंगात जेवायला नीट देतात का? वर पोप्राद लिहिलंय म्हणून दचकू नकोस. मी मावशीकडं आलेय, तिच्याच कॉम्प्युटरवर लिहितेय. सांगते पुढं.

आधी गंमत ऐक. तुझ्या कॉम्प्युटरवर तो डोंगर चढायचा गेम होता ना? मी त्याला कंटाळवाणा म्हणायचे. तू गेल्यावर सहज उघडला आणि वेडच लागलं रे. इंटरनेटवरून कुणीतरी जोडीला मिळतं आणि दोघांना एका दोराला बांधतात. भूक, थंडी, जखम, सगळं ताकदीतून वजा होत जातं. पाय मोडला की कट्‌ असा आवाज येतो, आपलीच नडगी गेल्यासारखा. लांडगे पोटरीचा लचका तोडतात. आणि दोघांकडं एकेक सुरी असते.

पहिल्या दिवशी लगेच मेले. आपण ओझी वाहणाऱ्यांच्या घरातले ना! दिसेल ते पाठीवर घेतलं. गॅसची टाकी, बटाट्याचं पोतं, बिअरचं पिंप. तू वरच्या गिर्यारोहकांच्या झोपडीत नेतोस तसंच, जड वर आणि हलकं खाली. दोराच्या दुसऱ्या टोकाची बाई हेडफोनमधून कानात ओरडली, "अगं ए, डोंगर चढतेस का दुकान हलवतेस?" तेवढ्यात माझा तोल गेला. दोघी दगडावर आपटलो, डोकी फुटली. ती हसतच होती. तिचं नाव यार्मिला. ऑस्त्राव्हात ट्राम चालवते, छप्पन्न वर्षांची आहे.

मी कुणाशी बोलत नाही हे तुला माहितेय. हॉटेलच्या शाळेत गिऱ्हाइकापुढं तोंड उघडेना. गेममध्ये मात्र तोंड दिसत नाही, म्हणून बोलले.

आता वाईट सांगते. मी दोर कापायला लागले. यार्मिला कामावर असली की अनोळखी लोकांबरोबर खेळायचे. अर्ध्या कड्यावर गेले की सुरी काढायची. खालचा ओरडत जायचा, मग धप्प. एक पोरगा म्हणाला, "थांब ना ताई, येतंय मला चढता." त्यालाही कापला. खोटं कशाला बोलू, मजा यायची. एकदा यार्मिलालाच कापलं. दुसऱ्या दिवशी ती परत हजर. "कापायचं तर आधी सांगावं गं भवाने, चहा तरी संपवला असता." आणि परत माझ्याच दोराला बांधून घेतलं तिनं.

मग एका दुपारी माझा हात सुटला. मी लटकत होते, बरगड्या मोडलेल्या, आणि तिची ताकदही संपत आलेली.

"काप," मी म्हटलं.

"गप गं."

"काप ना, तू तरी वर पोचशील."

"एकटी वर जाऊन काय करू? ढगांची तिकिटं फाडू?"

तिनं नाही कापलं. दोघी मेलो. मी हेडफोन काढला आणि रडत बसले. कारण तुला मी कापलं होतं, दादा.

तुला पकडून नेलं त्या रविवारी मी शाळा सोडल्याचं बाबांना कळलं. त्यांनी माझा हात चुलीच्या लोखंडी दारात धरला आणि दार लाथेनं लावलं. तीनदा. बोटांचा तोच कट्‌ आवाज आला. तू डोंगरावरून उतरलास, पाठीवरची ओझ्याची लाकडी चौकट काढलीस आणि त्यांच्या तोंडावर घातलीस. जबडा लोंबला, कानातून रक्त आलं. मी बघत होते सगळं. पोलीस आले तेव्हा बाबा टॉवेल धरून माझ्या मागंच उभे होते. मी म्हटलं, दार वाऱ्यानं लागलं. ब्लाझेय पिऊन आला आणि उगाचच मारलं.

मला त्यांची भीती वाटली, बस. दुसरं कारण नाही.

शुक्रवारी मी तुझ्या वकीलबाईंकडं गेले आणि खरं सांगितलं. हाताचे फोटो दिले. त्या म्हणाल्या, सुटशीलच असं नाही, पण शिक्षा बरीच कमी होईल. घरी येऊन बाबांनाही सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर भिंतीवर फोडला, मग मला. ओठाला चार टाके आहेत. मी मागच्या दारानं निघाले ती बसस्टॉपपर्यंत मोज्यांवर, बर्फातून.

मंगळवारी कोर्टात बाबा समोरच बसणार. माझी मान खालीच असेल, तेवढं समजून घे. पण आवाज मोठा असेल.

मला माफ केलंस तर लिही. नाही केलंस तरी लिही.

तुझी,
हेडा

मावशीच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी शनिवारी लग्न करतेय, एक्याऐंशीव्या वर्षी. नवरा तिच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे!