माया सोडून काप

३ जून
छापखान्यातील मुद्रितशोधकाची नोकरी आज सोडली. चार वर्षे दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारल्या. आभार कोणीही मानले नाहीत. शिवणकामावरील दोन पुस्तके वाचून झाली आहेत, तेव्हा प्रत्यक्ष काम ही केवळ औपचारिकता.

४ जून
टेलरिंगच्या दुकानात रुजू. मास्तर म्हणाले, एकवीस दिवस बघतो. जमलं तर कटिंगच्या टेबलावर घेतो, नाही तर वाट मोकळी. टेबल मिळाले, असे आईला सांगून टाकले. काज-बटणे करणाऱ्या मावशी मला मॅडम म्हणतात. त्यात आदर नाही.

१० जून
पायमशीन उलटे फिरते. मी तसे नोंदवल्यावर मास्तर म्हणाले, कालपर्यंत सुलट फिरायचं. दोरा सात वेळा तुटला. हल्ली दोऱ्याचा दर्जाच घसरला आहे.

११ जून, सकाळी ९
संकल्प: मास्तरांशी कामापुरतेही बोलायचे नाही.
सायंकाळी ७
दिवसभरात तेच माझ्याशी बोलले नाहीत. अनुकरण करण्याइतके तरी त्यांना कळते.

१६ जून
पाटीवरील ‘शीवून मिळेल’ खडूने दुरुस्त केले. मास्तर म्हणाले, तिथली वेलांटी दिसते, आणि हातातली बाही उलटी लावलीस ती दिसत नाही? मावशी म्हणाल्या, राहू द्या हो, शिकलेली आहे ती. माझी बाजू घ्यायची ही कोणती पद्धत?

२२ जून
वकीलबाईंचा कोट. कापड एवढेच, पुन्हा मिळणारे नाही. मास्तरांनी खडूने आखून दिले, माया सोडून काप म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले.
या माणसाकडून एवढे खोल वाक्य मी अपेक्षिले नव्हते. खरेच, कापडात जीव अडकला की हात थरथरतो. मी माया सोडली. थेट रेघेवरून, कोठेही न थबकता, निर्ममपणे कापले. मावशी काही सांगायला उठल्या होत्या. त्यांना मी हातानेच थांबवले.

२३ जून
शिंप्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीसाठी रेघेबाहेर राखलेले जादा कापड. कोशातही हा अर्थ निघाला, पण खालच्या बाजूला. तिथवर कोण वाचतो?
वाक्यच संदिग्ध होते, हे मी मास्तरांना साधार पटवून दिले. ते म्हणाले, बरं, मग वकीलबाईंना आता ते वाक्यच घालायला दे. कोट त्यांच्या धाकट्या मुलीला बसेल. मावशी हसल्या नाहीत. ते अधिक लागले.

२४ जून
एकविसावा दिवस. टेबल नाही. छापखान्यात फोन केला. साहेब म्हणाले, जागा भरली. नवी मुलगी चुका सोडते, पण चारचौघांशी नीट बोलते तरी.
दुकानातून पिशवी उचलून निघाले, तर मावशींनी हाक मारली. म्हणाल्या, निघालीस कुठं? बटणं लावता येतात का? मी म्हणाले, अर्थात. त्या म्हणाल्या, म्हणजे येत नाहीत; उद्या लवकर ये.

२५ जून, सायंकाळी ७
बावीस बटणे लावली. मास्तरांनी त्यांतली एकोणीस उसवली. उरलेल्या तीन बटणांविषयी ते काहीच बोलले नाहीत. खरेच काही बोलले नाहीत ना, हे मावशींना दोनदा विचारून घेतले.