देश ठरण्यापूर्वीचा निरोप

४ जानेवारी २०२५, सकाळी

मी, धम्मरत्न सहदेव इंगळे, बी.कॉम., वय छपन्न, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, एका पतसंस्थेचा स्वेच्छानिवृत्त मुख्य लेखापाल, या रोजनिशीच्या प्रारंभी नमूद करतो की, उर्वरित आयुष्य परदेशात व्यतीत करण्याचा निर्णय मी पूर्ण विचारांती घेतला आहे. देश कोणता, एवढाच तपशील शिल्लक आहे. तो महिनाअखेरपर्यंत निकाली निघेल. नोंदी संक्षिप्त व वस्तुनिष्ठ असतील. वाचक फक्त मी.

कारणे: बोअरचे पाणी खारे. उन्हाळा असह्य. शिवाय निवृत्त माणसाला काही काम नाही, हे या गावाला फार लवकर कळते. काल एका गृहस्थाने मला रस्त्यात थांबवून त्याची म्हैस धरून उभे राहण्यास सांगितले. मी राहिलो.

निकष: हवा, पाणी, दवाखाना, कायदा, शांतता.

सौ. रेणुकाला निर्णय कळविला. ती जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. त्या वेळी वह्या तपासत होती. 'बरं' म्हणाली. संमती मिळाली असे समजून पुढे गेलो.

१२ जानेवारी

पोर्तुगाल निश्चित. सर्व निकषांवर उत्तीर्ण.

सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळात घोषणा केली. मंडळाचे अध्यक्ष अर्जुनराव, वांगी-टोमॅटोचे बागायतदार, शिक्षण जेमतेम. म्हणाले, थे गोव्यावाले पोर्तुगीज ना? थे त कवाचेच वापस गेले. तुम्ही त्यायच्या मांगं काऊन जाऊन राह्यले? सगळे हसले. मी हसलो नाही. व्यापक दृष्टी सर्वांना नसते.

१९ जानेवारी, सायंकाळी

आज माझा निरोप समारंभ झाला. मी मागितला नव्हता. मंडळाने परस्पर ठरविला. मी अर्जुनरावांना स्पष्ट सांगितले की जाण्याची तारीख निश्चित नाही. त्यांचे म्हणणे असे की पुढं हरभऱ्याची सोंगणी आहे, मंग कोणाले टाइम भेटत नाही, आत्ताच उरकून घेऊ.

शाल, फेटा, चाकांची मोठी बॅग. चौकात फ्लेक्स. त्यावर माझे छायाचित्र आणि 'सातासमुद्रापार प्रस्थानाबद्दल हार्दिक शुभेच्छा'. पोर्तुगाल कळवूनही देशाच्या नावाची जागा कोरी आहे. पक्के झाल्यावर वरून स्टिकर मारता येतो म्हणे.

माझे भाषण उत्तम झाले. दोन जण रडले. रेणुका पहिल्या रांगेत होती. तिला साडी-चोळी दिली. तिने ती घेतली, यावरून तिची तयारी दिसते.

२७ जानेवारी

निरोपाची जेवणे सुरू आहेत. आमच्याकडे गाव सोडणाऱ्याला घरोघरी बोलावण्याची रीत आहे आणि नाही म्हणणे हा अपमान. शनिवारी पुरणपोळी. रविवारी पुरणपोळी. आज अर्जुनरावांच्या मळ्यात रोडगे आणि वांग्याची भाजी. त्यांच्या पत्नी गीताबाई वाढताना प्रत्येक वेळी म्हणत, खा भाऊ, तिकडं कुठी भेटते हे? असे म्हणून त्या डोळ्यांना पदर लावीत. मी खात राहिलो. इतक्या भावनेसमोर रोडगा परत करता येत नाही.

डॉक्टर म्हणाले साखर वाढली आहे. परदेशी गेल्यावर कमी होईल.

२ फेब्रुवारी

पोर्तुगाल रद्द. बारकाईने वाचता असे आढळले की तेथील लोक रात्री नऊच्या सुमारास जेवतात. माझे जेवण साडेसातला असते. एवढ्या मूलभूत मुद्द्यावर तडजोड शक्य नाही.

थायलंड विचाराधीन. बौद्ध देश, हवा उबदार, पन्नाशीपुढील लोकांचे स्वागत. हे आधीच सुचायला हवे होते.

९ फेब्रुवारी

थायलंड रद्द.

मंडळात नाव काढताच सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. मग एकाने विचारले, मॅडमबी सोबत येतात का? दुसरा म्हणाला, तिकडं मॅडमले कायले नेते कोणी. तिसऱ्याने मला कोपरखळी मारून सांगितले, इंगळेसाहेब, आमाले वाटलं तुम्ही सरळ मानूस हाये. मी तेथील विहारांची माहिती देऊ लागलो. कोणी ऐकली नाही. सायंकाळपर्यंत बातमी बाजारपेठेत पोहोचली. किराणा दुकानदाराने मला पाहून डोळा मारला. मी त्या दुकानातून आता काहीही घेणार नाही.

२० फेब्रुवारी

परिस्थिती अवघड. शाल पांघरून निरोप दिलेला माणूस गावात दिसला की लोकांना फसवल्यासारखे वाटते, हे मला माहीत नव्हते. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, गेले नाही का अजून? प्रथम मी कारणे देत असे. नंतर नुसता जयभीम घालून पुढे जाऊ लागलो. ज्यांनी जेवू घातले ते अधिक रोखून पाहतात. परवा गीताबाई भाजीच्या गाडीजवळ भेटल्या आणि मला पाहून त्यांनी गाजरे परत ठेवली. याचा अर्थ लागला नाही, पण जिव्हारी लागले.

उपाय: बाहेर पडताना हेल्मेट घालावे, म्हणजे ओळख पटणार नाही.

२१ फेब्रुवारी

हेल्मेटचा उपाय मागे घेत आहे. बाजारात हेल्मेट घालून पायी फिरणारा मी एकटाच होतो. दुरूनसुद्धा हाका आल्या.

१ मार्च

श्रीलंका. अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहण्याची रेणुकाची इच्छा तिने एकदा बोलून दाखविली होती. म्हणजे तिचाही विचार घेतला गेला.

अर्जुनरावांना खासगीत सांगितले, कारण चौकातील फ्लेक्स त्यांच्या अखत्यारीत आहे. ते म्हणाले, लंकेत त रामचंद्र पायी गेले होते, त्याच्यासाठी सातासमुद्रापार कायले छापलं बे आम्ही? फ्लेक्सवर चूक राहील आणि मंडळाची शोभा होईल, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले नाही. पण श्रीलंका रद्द केली.

१५ मार्च

माघारीचे दोर कापल्याशिवाय गड सर होत नाही. सबब, राहते घर भाड्याने दिले. भाडेकरू श्री. गणेश, कृषी खात्यात, नुकतेच लग्न झालेले, पत्नी पुष्पांजली. करारनाम्याचा मसुदा मीच केला, त्यामुळे त्यात एकही पळवाट नाही. जूनच्या मध्यापर्यंत संपूर्ण घर त्यांच्या ताब्यात देणे आमच्यावर बंधनकारक. तोपर्यंत आम्ही मागच्या खोलीत.

रेणुका शाळेतून आली तेव्हा पुढच्या खोलीत दुसऱ्यांचा पलंग लागत होता. ती दारात उभी राहिली. मी कराराचा आशय समजावून सांगितला. तिने चप्पल काढली, मागच्या दाराने आत आली आणि भाजी चिरायला बसली. मोठ्या बदलांच्या वेळी असे होते.

६ एप्रिल

चौकातील फ्लेक्स काढण्यात आला आहे. समाधान वाटले. सायंकाळी मळ्याकडे फिरायला गेलो असता तो अर्जुनरावांच्या मक्याच्या ढिगावर अंथरलेला दिसला. माझ्या कपाळावर वीट ठेवली आहे, वाऱ्याने उडू नये म्हणून. अर्जुनराव म्हणाले, चांगला जाड हाय, वाया कायले घालवा. तेही खरेच.

२० एप्रिल

मॉरिशस. हे अंतिम. तेथे मराठी बोलणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. समुद्र चारी बाजूंनी आहे, म्हणजे फ्लेक्सवाल्यांनाही आक्षेप घेता येणार नाही.

अर्ज भरण्यास बसलो. सोबत येणाऱ्या जोडीदाराचा पासपोर्ट क्रमांक विचारला आहे. रेणुकाकडे पासपोर्ट मागितला. म्हणाली, माझा पासपोर्ट नाही. मी विचारले, अजून काढला का नाहीस? ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबवून म्हणाली, मले कोणी इचारलं का, तुले यायचं हाय का म्हणून?

मी तिला ४ जानेवारीच्या 'बरं'ची आठवण करून दिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते 'बरं' एका मुलाचा भागाकार बरोबर आला म्हणून होते.

पुण्याला मुलीला, समताला, फोन केला. वाटले, ती आईला समजावेल. ती बराच वेळ हसली. म्हणाली, बाबा, आईची नोकरीची पाच वर्षं राहिलीत. तुम्ही एकटेच जाणार होतात, असं आम्हाला वाटलं. आई रोज फोनवर विचारते, बाबांना तिकडं कोण करून घालेल.

एकटा. हा पर्याय मी विचारात घेतलेला नव्हता. आता घेतला पाहिजे.

४ मे

रेणुका उन्हाळ्याच्या सुटीत समताकडे गेली आहे. एकट्याने राहण्याची रंगीत तालीम करण्यास यापेक्षा अनुकूल काळ नाही. जो माणूस जळगाव जामोदमध्ये एकटा राहू शकतो, तो कोठेही राहू शकतो.

सकाळी वरण लावले. कुकरची शिट्टी झाली नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आले की शिट्टी लावलीच नव्हती. केळी खाल्ली.

६ मे

खोली तापते. कूलरची मोटर जळाली, आणि तिचा कारागीर कोण हे रेणुकालाच माहीत आहे. सकाळी चहा दोन कप केला. सवयीचा भाग आहे. दुसरा कप मीच प्यायलो, थंड झाल्यावर.

सकाळपासून कोणाशी बोललो नव्हतो. दुपारी पुष्पांजली पाण्याची कळशी घेऊन आली. मला वाटले चौकशी करायला आली. तिने विचारले, काका, तुम्ही नक्की कधी जाता? माझे सासू-सासरे येणार आहेत, ही खोली त्यायले लागंल. मी लवकरच, असे सांगितले. तिने कळशी ठेवली आणि दाराचे माप टेपने घेऊन गेली.

७ मे

रेणुकाला फोन केला. केवळ कूलरवाल्याचे नाव विचारण्यासाठी. तिने नाव सांगितले. मग जेवला का, असे विचारले. मी हो म्हणालो. ती म्हणाली, उद्याच्या गाडीनं निघते. मी तिला येण्याची आवश्यकता नसल्याचे सांगितले, परंतु दोनदा सांगितले नाही.

तालमीचा निष्कर्ष: उन्हाळ्यातील निकाल ग्राह्य धरता येत नाहीत.

२५ मे

मॉरिशसचा अर्ज अपुरा म्हणून परत आला आहे. मुदत सरत चालली. रात्री झोप नाही, भूक नाही. व्हिएतनाम पाहिला, जॉर्जिया पाहिला. नकाशा उलटा धरून पाहिला. करारनामा पुन्हा वाचला. पळवाट शोधत होतो. मी इतका पक्का मसुदा का केला?

गणेश यांना मुदतवाढीची विनंती केली. त्यांनी आदराने उत्तर दिले की काका, तुम्हीच म्हटलं होतं, लिहिलेलं ते लिहिलेलं.

३१ मे

रेणुकाने आज बातमी दिली. तिची मुख्याध्यापिका म्हणून पदोन्नती झाली आहे. गाव: वरवट बकाल. पूर्वीही तिला पदोन्नती आली होती आणि प्रत्येक वेळी तिने नाकारली, कारण घर जळगाव जामोदला. या वेळी नाकारली नाही. मी कारण विचारले. म्हणाली, आता कुठी हाय घर?

तिने तेथे एक खोली पाहून ठेवली आहे. एका माणसाची का दोघांची, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही.

१४ जून, सकाळी

सामान टेम्पोत चढले. मी माझ्या वस्तू वेगळ्या बांधून कडेला उभा होतो, कारण माझ्याबाबत अद्याप कोणताही निर्णय झालेला नव्हता. पुतण्याकडे डोणगावला जाता आले असते. त्याला अजून कळविलेले नाही. पुण्यास जाता आले असते, पण समताच्या घरी एकच बेडरूम आहे. रेणुका टेम्पोत चालकाशेजारी बसली. चालकाने इंजिन सुरू केले. ती सरकून बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, बसता का आता, का इथंबी देश पाहता?

बसलो.

अर्जुनराव कोपऱ्यापर्यंत आले होते. म्हणाले, चला, एकदाचे गेले बाप्पा. त्यांच्या आवाजात सुटका होती, पण हात बराच वेळ हलवत होते.

३० जून

वरवट बकाल. येथे मला कोणी ओळखत नाही. सर्व जण 'मॅडमचे मिस्टर' म्हणतात. आज सकाळी रेणुका शाळेत जाण्याच्या घाईत असताना घरमालकीण आशाबाई दारात आल्या. नळाचे पाणी किती माणसांचे सोडायचे, हे त्यांना ठरवायचे होते. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, हे पाहुणे का राहनारे?

मी सविस्तर उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. माझे वास्तव्य तात्पुरते आहे, काही देश अद्याप विचाराधीन आहेत, असे मला सांगायचे होते. तोवर रेणुका म्हणाली, राहनारे. हे आता कुठी जात नाहीत. आशाबाई म्हणाल्या, मंग बरं, दिवसा घरी मानूस पाहिजेच.

सबब, निवृत्तीनंतरच्या स्थलांतराचे ठिकाण आज निश्चित झाले. ठराव एकमताने मंजूर. सूचक सौ. रेणुका, अनुमोदक आशाबाई. मला मत विचारण्यात आले नाही. पाणी दहाला येते. भरण्याचे काम माझ्याकडे.

धम्मरत्न सहदेव इंगळे
वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा
३० जून २०२५