मनवाची लेन्स

शनिवार, मुलुंड

धाकट्या मनवाबरोबर आज मीही लेन्स घ्यायला गेले. तिला पहिल्याच प्रयत्नात जमलं. माझी पापणी बोट जवळ आलं की मिटायची. शेवटी दुकानातली मुलगी म्हणाली, "मॅडम, परत कधीतरी या ना."

घरी आई मनवाकडे बघतच राहिली. "किती सुंदर डोळे गं तुझे." नंबर तर दोघींचा सारखाच. मग माझे डोळे? चष्म्याआड ते कधी कुणाला दिसले? जळले मी, खरंच.

संध्याकाळी मनवाला लेन्स काढता येईना. रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, तूच काढ."

माझा हात जराही थरथरला नाही. लेन्स अलगद निघाली. इतक्या जवळून तर तिचे डोळे आणखीच सुंदर दिसतात.

मी मात्र "उद्या चष्माच लाव" एवढंच म्हणाले.