तुमच्या पंख्याची खुशाली

आदरणीय दादा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एक हात पेन धरण्यात गुंतला आहे, पण भाव दोन्ही हातांचा समजावा.) वहिनींची कंबर आता कशी आहे? तुमचा गुडघा जिना चढू देतो, की अजून खालच्या पायरीवरच अडवतो? इकडे आम्ही तिघंही देवाच्या कृपेने ठीक आहोत. तुमची बहीण ठणठणीत आहे, निदान आवाजावरून तरी. तुमच्या भाचीची परीक्षा संपली आणि ती दुपारभर फरशीवर उताणी पडलेली असते, कारण घरात तेवढीच एक गार जागा उरली आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मध्ये मध्ये बोलता, आणि या विषयावर मला कुणीतरी शेवटपर्यंत बोलू द्यावं अशी माझी फार इच्छा आहे.

तर उन्हाळा सुरू झाला तेव्हा एका सोमवारी सकाळी मी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, थोडा वेळ डोळे मिटून बसलो, मग स्टूल ओढलं आणि तुमचा पंखा उतरवला. तुमचा म्हणजे आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा तुम्ही खांद्यावरून आणून दिलेला. इतकी वर्षं तो इमानाने फिरला. यंदा मात्र इतका मंदावला की फिरता फिरता त्याची पाती मोजता यायची, आणि एका पात्यावर बसून माशी सावकाश प्रदक्षिणा घालायची. (मी हसलो. तुमची बहीण हसली नाही. तुमच्या पंख्याला हसलेलं तिला चालत नाही. घरात कुणी आलं की पाणी देण्याआधी ती छताकडे बोट करून सांगते, ‘हा आमच्या दादाने दिलेला.’) वायंडिंग गेलं होतं, म्हणजे आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं जळत आलं होतं. ज्याचं उभं आयुष्य लोकांच्या पंख्यांच्या पोटात हात घालण्यात गेलं, त्याला हे काम अर्ध्या दिवसाचं. संध्याकाळी लावतो म्हणून सांगितलं, पंखा काखेत मारला आणि दुकानात नेला. संध्याकाळ वेळेवर आली. पंखा आला नाही.

आता तुम्ही पडलात सरकारी नोकरीतले, तुम्हाला हंगाम म्हणजे काय ते ठाऊक नाही. (रागावू नका, सुट्ट्या ठाऊक आहेत.) थंडीत माझ्या दुकानापुढून लोक असे जातात, जणू मी भिंतीचाच भाग. पण ऊन चढलं की तीच माणसं पंखा पोटाशी धरून, तापाने फणफणलेलं मूल डॉक्टरकडे आणावं तशी धावत येतात. त्या सोमवारी पहिली आली दवाखान्यातली नर्सबाई. तिची रात्रपाळी, झोपायचं दिवसा, आणि पंख्याचं बेअरिंग खलास. त्या मापाचं बेअरिंग बाजारात मिळेना. तुमच्या पंख्यात होतं. मी ते काढून तिच्या पंख्यात बसवलं आणि स्वतःला म्हटलं, उद्या दुसरं आणू. मग शिंपी आला. त्याचा पंखा पडून तिन्ही पाती वाकलेली, आणि एका लग्नघरचे सगळे कपडे त्याच्याकडे शिवायला. पाती एकाच जोडीची लागतात, नाहीतर पंखा झिंगल्यासारखा डोलतो. तुमची पाती त्याच्या पंख्याला मापाने बेतल्यासारखी बसली. पुढे दांडा एकाकडे गेला, छताजवळची वाटी दुसरीकडे गेली. थोडक्यात सांगायचं तर, दादा, तुमच्या पंख्याने देहदान केलं. आज गल्लीतल्या चार घरांत तो थोडा थोडा हजर आहे. मला तरी यात खंत वाटण्यासारखं काही दिसत नाही. माणसांना तरी असं कुठे जमतं?

प्रश्न एकच होता, हे तुमच्या बहिणीला सांगायचं कसं. तिच्या समजुतीने पंखा दुकानात रांगेत उभा होता. ती रोज विचारायची, ‘दादाच्या पंख्याचं काम झालं का?’ मी म्हणायचो, ‘काम चालू आहे.’ आणि ते चालू होतंच, फक्त दुसऱ्यांच्या घरी. खोटं बोलायचं नाही हा माझा लहानपणापासूनचा नेम आहे. सगळं बोललंच पाहिजे असा मात्र नेम केल्याचं आठवत नाही.

छताला नुसता हुक, त्यातून लोंबणाऱ्या दोन तारा, आणि खाली घामाने भिजलेले आम्ही. ‘लोकांच्या घरी वारा आणि आपल्या घरी नुसत्या तारा,’ ती म्हणाली, आणि हे वाक्य जिन्याने खालच्या मजल्यापर्यंत उतरलं. तेव्हा मला एक विचार सुचला. नवं वायंडिंग केलेला पंखा रात्रभर सलग चालवून बघावा, म्हणजे तो तापतो का ते कळतं. दुकानात मी तासभरच चालवतो. तोच घरी नेऊन आमच्या हुकाला टांगला तर गिऱ्हाईकाचंच हित. पहिला आणला तो इस्त्रीवाल्याचा. तुमच्या बहिणीने आधी नाक मुरडलं. मी समजावलं की पंखा लोकांचा खरा, पण वारा कुणाचा? आमच्या गावच्या शाळेत चार वर्गांना मिळून एकच गुरुजी होते आणि ते म्हणायचे, हवा कुणाच्या बापाची नाही. त्यावर ती म्हणाली, ‘पंखा लोकांचा, हवा देवाची, आणि विजेचं बिल तेवढं आपलं!’ असं म्हणून झोपली मात्र सगळ्यांच्या आधी.

मग मी रोज संध्याकाळी नवा पंखा काखेत घेऊन घरी येऊ लागलो. तुमची भाची दारातच विचारायची, ‘बाबा, आज कुणाच्या वाऱ्यात झोपायचं?’ थोड्याच दिवसांत मायलेकी यात इतक्या मुरल्या की विचारू नका. दातांच्या डॉक्टरांचा पंखा चांगला पण कंजूष, वारा फक्त मधल्या माणसाला. किराणावाल्याचा उदार पण बडबड्या. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा पंखा पाहून तर तुमची बहीण स्टुलावर चढून म्हणाली, ‘मला जिन्यातल्या कचऱ्यावरून बोलते, आणि इथे पात्यांवर बघा, शेती होईल!’ आणि तिने तो घासूनपुसून लख्ख केला. तेव्हापासून प्रत्येक पंखा पुसायचा असं ठरून गेलं. पंखे उजळून परत जाऊ लागले, गल्लीत माझं नाव आणखी वाढलं. एखादा पंखा फारच आवडला तर ती म्हणायची, ‘याची अजून एक रात्र चाचणी करा हो, मला जरा शंका आहे.’ (शंका कसली ते मी विचारलं नाही. संसारात तेवढं तारतम्य लागतं.)

आणि मग हेडमास्तरांचा पंखा आला. हेडमास्तर म्हणजे समोरच्या इमारतीत एकटे राहतात ते, निवृत्त, तुम्ही आलात की तुमच्याशी राजकारणावर भांडतात ते. पंखा जुना, वजनदार, आणि आतून काय सुंदर! वायंडिंग करून, बेअरिंग बदलून, पुसून आमच्या हुकाला लावला आणि दादा, खोलीत नदीकाठ आल्यासारखं झालं. त्या पंख्याबद्दल तुमच्या बहिणीला एकामागून एक शंका येत राहिल्या. हेडमास्तर दुकानात येऊन विचारायचे, मी म्हणायचो चाचणी चालू आहे. शेवटी एका दुपारी ते वैतागून थेट घरीच आले. ‘अरे, घरात भट्टी झालीय माझ्या! माझा पंखा…’ एवढंच बोलले आणि बरोबर पंख्याखालच्या खुर्चीत बसले. चेहऱ्यावरचा राग उतरला. डोळे मिटले. म्हणाले, ‘वा! याला म्हणतात पंखा. नाहीतर आमचा, नुसती घरघर.’

त्यांनी ओळखला नाही! स्वतःचा पंखा, त्याच्याखाली बसून, ओळखला नाही. माणूस आयुष्यभर डोक्यावरच्या वस्तूकडे वर मान करून बघत नाही, यावर मी नंतर बराच विचार केला. पण त्या क्षणी विचार सुचला नाही. तुमची बहीण चहा टाकते म्हणून आत गेली ती आलीच नाही, आणि तुमच्या भाचीने तोंडात ओढणी कोंबली. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, ‘माझा तो जुना भंगारात दे आणि हा मला विक. तू म्हणशील ती किंमत.’ मी म्हटलं, ‘मास्तर, हा विकायचा नाही.’ ‘का? आपल्या माणसाला नाही म्हणतोस?’ मी आत जाऊन चहाच घेऊन आलो. ते चहा पिऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मग रोजच येऊ लागले. चहा प्यायचे, पंख्याचं कौतुक करायचे, किंमत वाढवायचे आणि मी कसा हट्टी आहे ते मलाच समजावून जायचे.

रोज सकाळी देवापुढे बसलो की डोळ्यांपुढे देवाऐवजी हेडमास्तर यायचे. बिचारा रात्री उकाड्यात तळमळतो आणि दिवसा येऊन आपल्याच पंख्यासाठी अजिजी करतो. शेवटी ते एक दिवस हमाल आणि दोरी घेऊनच आले. ‘आज नेणार,’ म्हणाले. मी बटण बंद केलं, पंखा थांबू दिला आणि म्हटलं, ‘मास्तर, न्या. तुमचाच आहे.’

‘म्हणजे ठरलं ना? किंमत बोल.’

‘किंमत नाही. हा तुमचाच पंखा आहे. तुम्ही दुरुस्तीला दिलेला.’

त्यांनी चष्मा पुसला, स्टुलावर चढले, पंख्याभोवती हात फिरवला आणि वरूनच म्हणाले, ‘म्हणजे मी इतके दिवस माझ्याच पंख्याला वाखाणत होतो?’

‘हो.’

‘आणि तू ऐकून घेत होतास?’

‘हो.’

‘आणि वर चहा पाजत होतास!’ एवढं म्हणून ते इतके हसले की हमालाने स्टूल धरलं. दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत. पंखा त्यांच्या घरी मी स्वतः लावून आलो. तरी ते पुढेही रोज दुपारी येत राहिले, रिकाम्या हुकाखाली बसून वर्तमानपत्राने वारा घेत राहिले. म्हणतात, घरी पंखा आहे, पण बोलायला पंखाच आहे. चाचण्या मी त्याच दिवशी बंद केल्या.

तुमच्या बहिणीने त्या दिवशी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहायची. म्हणाली, ‘खरं बोललात. फार बरं वाटलं मला.’ मीही छाती थोडी पुढे काढली. लगेच म्हणाली, ‘आता लोकांचे पंखे पुरे. दादाचा पंखा आणा बघू.’

दादा, छाती होती तिथे परत गेली. मी चौकातल्या विजेच्या दुकानात जाऊन नवा कोरा पंखा विकत घेतला. वायंडरने नवा पंखा विकत घ्यायचा म्हणजे न्हाव्याने दुसऱ्या न्हाव्यापुढे मान वाकवण्यासारखं आहे. दुकानदाराने कुणासाठी म्हणून विचारलं तर मी म्हटलं, एका जुन्या गिऱ्हाईकासाठी. माझ्या दुकानात आणून त्याला तुमच्या पंख्यासारखा तपकिरी रंग दिला, पॉलिश कागदाने थोडं वय चढवलं, आणि ती भाजीला गेली असताना टांगला. आल्यावर म्हटलं, ‘लागला एकदाचा.’ (यातही एक अक्षर खोटं नाही.) तिने वर पाहिलं. भाजीची पिशवी घेऊन आत गेली. पंखा झकास चालतो आहे आणि घरात सगळं सुरळीत आहे, हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

वहिनींना नमस्कार. उन्हाचे बाहेर पडू नका. पडलातच तर डोक्यावर टोपी असू द्या, आणि घरात असाल तेव्हा कधीतरी वर मान करून आपला पंखा एकदा नीट बघून ठेवा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण राहूनच गेलं. तुम्ही पुढच्या आठवड्यात गुडघा दाखवायला इकडे येताय असं कळलं. अवश्य या. आत आल्यावर चपला काढल्या की फक्त एकदा वर बघा आणि मोठ्याने म्हणा, ‘वा, माझा पंखा अजून चालतोय!’ एवढं एकच वाक्य. हेडमास्तरांना स्वतःचा पंखा ओळखता आला नाही, तुम्हाला स्वतःचा नसलेला ओळखायचा आहे. तुम्ही मोठ्या हुद्द्यावर होतात, तुम्हाला जमेल.

ता. क. पुन्हा. वरचं लिहून पाकीट चिकटवलं आणि संध्याकाळचा दिवा लावायला बसलो. हात जोडले आणि लक्षात आलं की स्वतः खोटं न बोलण्याचा नेम मी पाळतो आहे आणि खोटं बोलायचं काम तुमच्याकडे दुरुस्तीला पाठवतो आहे. पाकीट फाडलं. विनंती रद्द समजावी. तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती. बेअरिंगपासून वाटीपर्यंत कोणता भाग कुणाच्या घरी आहे ते सगळं क्रमाने सांगितलं. तिने मळणं थांबवलं नाही. म्हणाली, ‘नवा आहे ते त्याने गुपचूप पहिला फेरा घेतला तेव्हाच कळलं मला. तुम्ही कधी बोलताय, तेवढंच बघत होते.’ त्यापुढे तुमच्या पंख्याबद्दल, आणि इतकी वर्षं तिने कुणापाशी न काढलेल्या एका गोष्टीबद्दल ती बरंच बोलली. ते मी लिहीत नाही, कारण दादाला यातलं काही कळवायचं नाही असा तिचा हुकूम आहे आणि मी शब्द दिला आहे. एवढंच सुचवतो, की पुढे कधी आम्हाला भेट द्यायची झाली, तर आवाज न करणारी वस्तू बघावी.

तेव्हा निर्धास्त या, वर बघा किंवा बघू नका, तोंडाला येईल ते बोला. मी तिला सांगून टाकलं आहे.